भाभांचा कॉम्प्युटर

सहावीत किंवा नववीत असताना आपल्यापैकी बऱ्याच जणांनी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा दिली असेल. मीही दिली होती. परीक्षेमुळे नाव पाठ झालं, माणूस मात्र कळला नाही. पुढे जनरल नॉलेजच्या पुस्तकात अणुशक्तीचे जनक एवढी एक ओळ भेटली आणि विषय संपला. आम्हा कॉम्प्युटर ब्रँचवाल्यांचा भाभांशी काही संबंध आहे असं तर कुणी कधी सांगितलंच नाही. कॉम्प्युटरचा इतिहास म्हणजे बॅबेज, मग एनियाक, मग थेट बिल गेट्स. पहिल्या युनिटचं पहिलं पान, चार मार्कांचा प्रश्न.

मधल्या काळात मुंबईत कुलाब्याला एक अख्खा कॉम्प्युटर सुट्या पार्ट्सपासून बांधला गेला होता, आणि तो बांधायला लावणारा माणूस कणभौतिकीतला होता, हे मला लायब्ररीत भलतंच पुस्तक शोधताना समजलं. मग जे हाती लागेल ते वाचत गेले. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मराठीत इंग्रजी शब्द जरा जास्तच येतील, सांभाळून घ्या.

होमी जहांगीर भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतला. पारशी घर, वडील वकील, घरात पुस्तकं आणि पाश्चात्य संगीताच्या रेकॉर्डी. त्यांच्या आत्या मेहरबाई म्हणजे सर दोराबजी टाटांच्या पत्नी. त्यामुळे मुलाचं पुढे काय करायचं हे घरच्यांनी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं: केंब्रिजला जायचं, मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं आणि परत येऊन जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात लागायचं. म्हणजे आपल्याकडे बारावीच्या रिझल्टनंतर घरोघरी जे होतं तेच, फक्त कारखाना स्वतःच्या नात्यातला.

१९२७ साली भाभा केंब्रिजला गेले. वर्षभरातच त्यांच्या लक्षात आलं की आपलं मन मशीनमध्ये रमत नाही, फिजिक्समध्ये रमतं. त्यांनी वडिलांना पत्र लिहून ते स्पष्ट सांगितलं. नोकरी, मोठं पद, कारखान्याचा मॅनेजर होणं यातलं काहीच आपल्याला ओढत नाही, असा त्या पत्राचा सूर होता. वडिलांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी अट घातली: आधी मेकॅनिकलची परीक्षा फर्स्ट क्लासमध्ये पास हो, मग गणित शिकण्यासाठी पुढची दोन वर्षं मी पैसे देतो. १९३० साली भाभांनी मेकॅनिकलमध्ये फर्स्ट क्लास काढून दाखवला. त्यानंतर गणितातही काढला. आमच्या होस्टेलवर चुकीच्या ब्रँचला आलोय असं रोज रात्री म्हणणारे निदान दहा जण सापडतील. पण नको असलेल्या विषयात आधी फर्स्ट क्लास काढून मग सुटका करून घेणारा अजून कुणी भेटला नाही. आणि ते मेकॅनिकल वाया गेलं नाही. यंत्र कसं बांधतात, वर्कशॉपशिवाय संशोधन का होत नाही, हे या थिऑरेटिकल फिजिक्सवाल्याला आयुष्यभर पक्कं ठाऊक होतं.

ते दिवसही काय होते! १९३२ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश लॅबमध्ये न्यूट्रॉन सापडला, त्याच वर्षी अमेरिकेत पॉझिट्रॉन सापडला. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचाच जुळा भाऊ, फक्त चार्ज पॉझिटिव्ह. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून विखुरतात तेव्हा काय होतं याचं गणित भाभांनी मांडलं. ते १९३६ साली छापून आलं आणि आज जगभर त्याला भाभा स्कॅटरिंग म्हणतात. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९८९ ते २००० पर्यंत एलईपी नावाचं यंत्र इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या टकरी घडवत होतं. यंत्राने एकूण किती टकरींना संधी दिली हे मोजायला तिथे भाभा स्कॅटरिंगच वापरायचे. कारण त्याचं गणित इतकं नेमकं माहीत आहे की फूटपट्टी म्हणून चालतं.

माझ्या विषयाला जवळचं काम मात्र १९३७ सालचं. अवकाशातून पृथ्वीवर सतत कण आदळत असतात, त्यांना कॉस्मिक रे म्हणतात. एखाद्या ठिकाणी अचानक एकदम शेकडो कणांचा वर्षाव होतो तो कसा, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी उत्तर दिलं (त्याच वर्षी अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर यांनीही स्वतंत्रपणे दिलं). प्रचंड एनर्जीचा एक इलेक्ट्रॉन हवेतल्या अणूजवळून जाताना फोटॉन बाहेर टाकतो. तो फोटॉन फुटून एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन तयार होतात. ते पुन्हा फोटॉन टाकतात, ते पुन्हा फुटतात. एकाचे दोन, दोनाचे चार. ढोबळ हिशोबाने दहा पायऱ्यांवर हजाराच्या वर, वीस पायऱ्यांवर दहा लाखांच्या वर. प्रत्येकाच्या वाट्याची एनर्जी कमी कमी होत जाते आणि एका मर्यादेनंतर वर्षाव थांबतो. आमच्या भाषेत सांगायचं तर बायनरी ट्री, फक्त त्याच्या फांद्या निसर्ग नाणेफेक करून काढतो.

कल्पना सोपी वाटते. आकडे काढायला बसलं की घाम फुटतो. अमुक खोलीवर अमुक एनर्जीचे किती इलेक्ट्रॉन असतील हे त्याच्या वरच्या सगळ्या एनर्जींवर अवलंबून असतं, त्यामुळे इंटिग्रल आणि डिफरन्शियल दोन्ही एकाच समीकरणात येतात. एम-थ्रीमध्ये आपण जी समीकरणं सोडवतो ती सुटावीत म्हणून तयार केलेली असतात. ही तशी नसतात. आकडे हाताने काढायचे, तक्ते बनवायचे. बेंगळुरूला असताना भाभांनी एस. के. चक्रवर्ती यांच्याबरोबर या वर्षावाची आणखी बारकाईने गणितं केली आणि ती १९४३ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९५० साली ते आणि अल्लादी रामकृष्णन या नाणेफेकीचाच, म्हणजे आकड्यांमधल्या चढउतारांचा अभ्यास करत होते. हा माणूस कॉम्प्युटरकडे का वळला, याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं. मोजणी कुठे अडते ते त्यांनी स्वतः अनुभवलं होतं.

बेंगळुरूला ते आले ते ठरवून नव्हे. १९३९ च्या सुट्टीत भारतात आले, सप्टेंबरमध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं, परतीचा रस्ता बंद. सर सी. व्ही. रामन यांच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांना जागा मिळाली आणि कॉस्मिक रे संशोधनाचा एक विभाग सुरू झाला. १९४१ साली, एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. केंब्रिज पुन्हा बोलावणार हे उघड होतं. इथे त्यांनी दुसरा मोठा निर्णय घेतला. १२ मार्च १९४४ रोजी दोराबजी टाटा ट्रस्टच्या सर सोराब सकलातवालांना पत्र लिहून त्यांनी मूलभूत संशोधनासाठी एक संस्था मागितली. पुढेमागे अणुशक्तीपासून वीज होऊ लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, ते घरातच तयार असावेत, असा त्यांचा मुद्दा होता. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा अजून वर्षाहून जास्त अवकाश होता. १९४५ च्या जूनमध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, बेंगळुरूला सुरू झाली आणि डिसेंबरात मुंबईला पेडर रोडवर, भाभांच्या नातेवाइकांच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. तिथून गेटवेजवळचा जुना यॉट क्लब आणि शेवटी कुलाब्याच्या टोकाला समुद्रकाठची आजची जागा.

या संस्थेत भाभांनी सुरुवातीलाच बोलावलेल्या माणसांपैकी एक म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. मराठी वाचकांना कोसंबी माहीत आहेत ते प्राचीन भारताच्या इतिहासाचे अभ्यासक म्हणून. पण पेशाने ते गणिती, आधी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवायचे, आणि टीआयएफआरला आल्यावरही राहायचे पुण्यातच. रोज डेक्कन क्वीनने जा-ये करायचे. (आपल्या पंचवटीच्या पासवाल्यांना याचं काही वाटणार नाही.) १९४८-४९ मध्ये ते युनेस्कोच्या फेलोशिपवर इंग्लंड-अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांचा अभ्यास करून आले. म्हणजे देशात एकही इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर नव्हता तेव्हा हा विषय टीआयएफआरमध्ये पोचला होता. पुढे भाभा आणि कोसंबींचं बिनसलं. कोसंबी सौरशक्तीची बाजू उघडपणे मांडायचे, अणुशक्तीच्या प्रमुखाला ते रुचणं अवघडच होतं. १९६२ साली कोसंबींचा करार पुढे चालू ठेवला गेला नाही. भाभांचं चरित्र लिहिणारे हा भाग घाईने उरकतात. मला तो खटकतो. एवढ्या मोठ्या संस्थेत एका वाकड्या तोंडाच्या विद्वानाला जागा राहायला हवी होती.

कॉम्प्युटर बांधायची जबाबदारी मात्र आली एका तरुणावर. आर. नरसिंहन अमेरिकेत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि नंतर गणितात पीएच.डी. करून १९५४ साली टीआयएफआरमध्ये दाखल झाले. त्यांच्यासोबत पाचसहा जणांचा गट, बहुतेक सगळे इलेक्ट्रॉनिक्स घेऊन फिजिक्स शिकलेले. याआधी कुणीही कॉम्प्युटर बांधलेला नव्हता. लगेच मोठं यंत्र हाती न घेता त्यांनी आधी एक छोटं प्रायोगिक यंत्र बांधायला घेतलं, १९५४ च्या अखेरीस सुरुवात आणि १९५६ मध्ये ते चालू झालं. हात बसल्यावर मग खरं यंत्र, जे १९६० च्या सुरुवातीला कामाला लागलं. जानेवारी १९६२ मध्ये टीआयएफआरच्या नव्या इमारतीचं उद्‌घाटन पंडित नेहरूंनी केलं, त्याच महिन्यात यंत्राचं बारसंही त्यांनीच केलं: टिफ्रॅक, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च ऑटोमॅटिक कॅल्क्युलेटर.

आता जरा आकडे, कारण आपण शेवटी इंजिनिअर. २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टर. हे सगळं अठरा फूट लांब, आठ फूट उंच आणि अडीच फूट खोल अशा लोखंडी रॅकमध्ये. आमच्या होस्टेलच्या खोलीत ते मावणार नाही, भिंत फोडावी लागेल. मेमरी २,०४८ वर्डची, एक वर्ड ४० बिटचा. गुणाकार केला तर ८१,९२० बिट, म्हणजे बरोबर १० केबी. तुमच्या मोबाइलमधल्या गणपतीच्या एका फोटोला याच्या शेकडो पट जागा लागते. पण ही मेमरी फेराइट कोअरची होती: बारीक चुंबकीय कड्या, त्यांच्यातून ओवलेल्या तारा, एका दिशेने मॅग्नेटाइज झाली की एक, उलट्या दिशेने झाली की शून्य. पन्नासच्या दशकाच्या मध्याला हे तंत्र जगातही नवीन होतं. प्रोग्रॅम मशीन कोडमध्ये लिहायचा, कागदी टेपवर भोकं पाडून आत द्यायचा. शिवाय उत्तर आलेख म्हणून पाहता यावं यासाठी पिक्चर ट्यूबचा पडदाही जोडलेला होता.

व्हॉल्व्ह म्हणजे आपल्या आजोबांच्या रेडिओत असायचा तो, तापल्यावर चालणारा आणि कधीतरी उडणारा. एक साधा हिशोब करून बघितला. समजा एका व्हॉल्व्हचं आयुष्य दहा हजार तास धरलं. असे २,७०० एकत्र लावले तर सरासरी पावणेचार तासांनी एक उडणार. आणि मधेच एक उडाला की मोठ्या गणिताचं उत्तर गेलं. रिलायबिलिटीचं जे चॅप्टर आपण ऑप्शनला टाकतो, ते या पाचसहा जणांना रोज जगावं लागलं असणार. तरीही यंत्र चार-पाच वर्षं चाललं आणि टीआयएफआरबाहेरच्या संस्थांनीही त्यावर आपली गणितं सोडवून घेतली.

इथे एक वाद आहे आणि तो आपल्या कामाचा आहे. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिसांनी इंग्लंडहून एचईसी-२एम हा कॉम्प्युटर आणवला होता. तो देशातला पहिला, टिफ्रॅकच्या कितीतरी आधीचा. त्यांचं यंत्र आलं, जोडलं आणि कामाला लागलं. भाभांच्या माणसांनी पाच-सहा वर्षं घालवून जे बांधलं ते पुरं होईपर्यंत परदेशात ट्रान्झिस्टरची यंत्रं बाजारात आली होती. म्हणजे टिफ्रॅक जन्मला तेव्हाच म्हातारा होता. मग एवढा खटाटोप कशाला?

मी यावर बराच विचार केला, कारण आमच्याकडे फायनल इयरला हीच चर्चा असते. रेडीमेड प्रोजेक्ट विकत मिळतं, रिपोर्टसकट, चालतंही. स्वतः बनवलेलं व्हायवाच्या दिवशी हमखास बंद पडतं. मार्कांच्या हिशोबाने विकत घेणाराच शहाणा. पण भाभांना टिफ्रॅकमधून फक्त उत्तरं नको होती, कॉम्प्युटर आतून कळणारी माणसं हवी होती. तशी ती मिळाली. नरसिंहन १९६५ साली स्थापन झालेल्या कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष झाले. गटातल्या लोकांनी पुढची यंत्रं, पुढचे विद्यार्थी घडवले. आणि मला भाभांचं जास्त कौतुक वाटतं ते याच्या पुढच्या पावलाचं. टिफ्रॅक आपला, म्हणून तोच वापरा असा हट्ट त्यांनी धरला नाही. गणितं मोठी झाल्यावर त्यांनी १९६४ साली अमेरिकेच्या मदतनिधीतून सीडीसी ३६०० हा त्या काळचा अत्यंत ताकदवान कॉम्प्युटर टीआयएफआरमध्ये आणला. ३२ हजार वर्डची मेमरी, वर्ड ४८ बिटचा, फोरट्रानमध्ये प्रोग्रॅम. तो देशभरच्या विद्यापीठांना आणि संस्थांना खुला ठेवला. आधी बांधून शिकले, मग विकत घेतलं, आणि घेताना आपण काय घेतोय ते समजणारी माणसं घरात होती.

सगळं छान छान लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हेही. मेघनाद साहांसारखे मोठे शास्त्रज्ञ तेव्हा सांगत होते की संशोधन विद्यापीठांत वाढलं पाहिजे, वेगळ्या श्रीमंत संस्था काढल्या तर विद्यापीठं कोरडी पडतील. भाभा नेहरूंच्या जवळचे होते, १९४८ पासून अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष होते, पैसा आणि माणसं त्यांच्याकडे गेली. आज आपल्या लॅबमधला ऑसिलोस्कोप आणि कुलाब्याची लॅब यांत जे अंतर आहे, त्याचं थोडं उत्तर त्या वादात असावं.

बाकी माणूस चौफेर. चित्रं काढायचे, टीआयएफआरच्या भिंतींवर हुसेनसारख्या चित्रकारांची चित्रं त्यांनी लावून घेतली, झाडं तोडण्यापेक्षा उचलून दुसरीकडे लावायला लावायचे. लग्न केलं नाही. माणूस पारखून घ्यायचे आणि मग त्याच्या हाती काम सोपवायचे. १९६१ मध्ये परदेशातल्या चार तरुण रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी परत यायची इच्छा कळवली, आणि जानेवारी १९६२ मध्ये भाभांची होकाराची तार गेली. त्यांतले गोविंद स्वरूप १९६३ मध्ये टीआयएफआरला आले. आपण पुण्याला जाताना नारायणगाव लागतं, तिथून आत खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश असलेली जीएमआरटी ही दुर्बीण त्यांनीच पुढे उभी केली. तीस डिशचे सिग्नल एकत्र करून एक चित्र बनतं ते कॉम्प्युटरमध्येच.

१९६२ च्या चीन युद्धानंतर सरकारला इलेक्ट्रॉनिक्समधलं आपलं मागासपण कळलं. ऑगस्ट १९६३ मध्ये भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली गेली, विक्रम साराभाई आणि ए. एस. राव तिच्यात होते. पुढच्या दहा वर्षांत देशाने इलेक्ट्रॉनिक्समध्ये काय काय स्वतः बनवायला हवं याचा तपशीलवार आराखडा त्यांनी तयार केला, त्यात कॉम्प्युटरही होते. तो छापून आलेला भाभांनी पाहिला नाही.

२४ जानेवारी १९६६. इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली तोच दिवस. व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेले भाभा एअर इंडियाच्या कांचनजंगा या बोइंग ७०७ विमानात होते. जिनिव्हाला उतरायच्या थोडं आधी ते मॉन्ट ब्लां पर्वतावर आदळलं. ११७ जण होते, कुणीही वाचलं नाही. यात परदेशी हात होता वगैरे कहाण्या होस्टेलवर रात्री दोन वाजता फार रंगतात. फ्रेंच चौकशीत निघालं ते साधं आणि त्यामुळे जास्त वाईट आहे: विमानातला दिशा दाखवणारा एक रिसीव्हर बंद होता, कंट्रोलरने विमान नेमकं कुठे आहे ते सांगितलं पण पायलटचा समज वेगळाच झाला, शिखर मागे पडलं असं वाटून विमान खाली आणलं गेलं. भाभा छप्पन्न वर्षांचे होते.

पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं. त्याच १९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी कंपनी ए. एस. रावांच्या हाताखाली सुरू झाली आणि १९६९ मध्ये तिने टीडीसी-१२ हा भारतीय बनावटीचा कॉम्प्युटर बाहेर काढला.

कुलाब्याच्या त्याच आवारात आज सर्नच्या सीएमएस प्रयोगाचं एक कॉम्प्युटिंग केंद्र आहे. जगभर पसरलेल्या ग्रिडचा तो एक भाग. जिनिव्हात प्रोटॉनच्या टकरी होतात, त्यांच्या डेटाचा काही हिस्सा तिथे साठवला आणि तपासला जातो. सीएमएसच्या आत लेड टंगस्टेटचे सुमारे ७५ हजार पारदर्शक क्रिस्टल बसवलेले आहेत. जुलै २०१२ मध्ये हिग्ज कणाची घोषणा झाली तेव्हा त्याची एक मुख्य खूण होती दोन फोटॉन. फोटॉन क्रिस्टलमध्ये शिरतो, फुटून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन होतात, ते पुन्हा फोटॉन टाकतात, ते पुन्हा फुटतात, आणि त्या वर्षावाच्या उजेडावरून कॉम्प्युटर मूळ फोटॉनची एनर्जी काढतो. वर्षाव तोच, १९३७ चा.